सुखोय वोलोक

नकाशात ते नेमकं घडीवर येतं,
म्हणून ठिपका झिजलेला,
आणि शाळेच्या प्रतीत तर तिथं भोकच आहे.

सुखोय वोलोक. अर्थ लावायचा तर कोरडी ओढ.
उत्तरेला लुख्मा, दक्षिणेला पेस्त्रावा,
मधल्या चार कोसांत साधा ओढाही नाही.
तिथून माणसं नावा ओढत नेत
चरबी माखलेल्या ओंडक्यांवरून,
मीठ उतरवून, मेण उतरवून, लोकरी कातडी उतरवून.
शिव्या तेवढ्या वाहून न्याव्या लागत.
नावेवरून नाव पडलं गावाला,
पाणी नव्हतं म्हणून.

पुढं राजधानीतून कालव्याचा हुकूम आला.
तीन उन्हाळे खणलं. दप्तरात फावड्यांचा हिशेब आहे,
फावडी धरणाऱ्यांचा नाही.
मग राज्य पालटलं, आणि कालवा
बूट न काढता दारात अडखळलेल्या पाहुण्यासारखा
तिथंच राहिला. आता त्यात बदकं.
रेल्वे आली ती नऊ किलोमीटर लांबून गेली.
लिननची गिरणी आली, गेली.
चर्चमध्ये एकवीस वर्षं खत साठवलं होतं;
भिंतीवरच्या संताच्या गुडघ्यापर्यंत
अजून पांढरा क्षार फुलतो.

आम्हाला भूगोल रुफीना झोसिमोव्हना शिकवायच्या.
मार्चमध्ये, बर्फ वितळायला लागला की,
चर्चच्या छपराखाली दोन रांगा करायच्या.
"हे थेंब लुख्मेतून श्वेत समुद्राला.
हे पेस्त्रावेतून व्होल्गेला, मग कॅस्पियनला.
एका ढगातले, बोटभर अंतरावर पडलेले.
आता जन्मात भेटणार नाहीत."
मानेवर गार पाणी घेत आम्ही उभे.
मी कॅस्पियनचा. ग्लाफिरा पलीकडची.

ती खरंच उत्तरेला गेली, मुर्मान्स्कला,
बंदरात क्रेन चालवायची.
मी आस्त्राखानला जाणार होतो.
गिरणीत फोरमन झालो. गिरणी मिटल्यावर
संग्रहालयाची किल्ली माझ्याकडं आली:
दोन खोल्या, एक ओंडका (चरबीचा वास आता नाही),
आणि बाई वारल्यावर बाईंचं टेबल.

ड्रॉवरमध्ये खडू, कोटाची बटणं,
आणि एकाहत्तर सालचं पत्र, जांभळ्या शिक्क्याचं:
मोजणीअंती कळवण्यात येते की
जलविभाजक रेषा चर्चवरून जात नाही.
ती नैर्ऋत्येला दोन किलोमीटरवर,
निफोंत गोर्देयेविच यांच्या बटाट्याच्या वाफ्यातून जाते,
पुढे दलदल असल्याने निश्चित सांगता येत नाही.
छपराच्या दोन्ही उतारांचे पाणी लुख्मेस मिळते.

एकाहत्तर साल. मी तेव्हा दुसरीत.
त्यानंतर कितीतरी मार्च गेले,
बाईंनी ताकास तूर लागू दिली नाही.
कुठंतरी पाणी मुरतंय असं
आम्हाला कधी वाटलंही नाही,
पाणी तर डोळ्यांदेखत वाहत होतं.

मी ग्लाफिराला कळवलं.
आपण एकाच नदीत होतो, असं लिहिलं,
मग ते खोडलं, मग पुन्हा लिहिलं.
चार ओळींचं उत्तर आलं:
माहीत होतं. निफोंत माझे आजोबा.
मोजणीवाल्यांनी खुंटी आमच्याच वाफ्यात ठोकली होती.
आजी तिला बकरी बांधायची.
दूध पातळ निघालं की म्हणायची, आज कॅस्पियनकडं चरली वाटतं.

काल गुडघ्यापर्यंतचे बूट घालून गेलो.
वाफा नाही, बर्च माजलेत. खुंटी सापडली नाही.
पाय काढला तिथं खळगा भरला,
आणि ते पाणी जरा वेळ तसंच थांबलं,
इकडं की तिकडं.
मी पाहत बसलो नाही.
दोनला शाळेची मुलं येणार होती, या वर्षी अकराच,
आणि किल्ली माझ्या खिशात.